साठीनंतर बांधाचं, नदीचं, खारफुटीचं काम हाती घ्यायचं असेल तर

माझं वय ७१. पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठी माझं घर आहे. सरकारी मराठी प्राथमिक शाळेत अडतीस वर्षं शिकवलं, त्यामुळे गावात सगळे मला अजून 'बाई'च म्हणतात. गेली नऊ-दहा वर्षं आमच्या खाजनाचं पाणी मोजते, त्याबद्दल ग्रामसभेत बोलते, शाळांतून, हळदीकुंकवातून, भजनी मंडळातून सांगते. परवा डिचोलीची एक भाची म्हणाली, "मावशी, मलाही करायचंय, पण सुरुवात कुठून करू?" तिला फोनवर सांगत बसले ते सगळं आता लिहूनच काढते. गावातलं काहीतरी बिघडताना दिसतंय, पण 'आपल्याला काय कळतंय त्यातलं' म्हणून जे गप्प राहतात, अशा आज्या-आजोबांसाठी हे आहे.

माझी सुरुवात चुकली होती, म्हणून आधी ती सांगते.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात आमच्या खाजनाचा बांध फुटला. गोव्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं: भरतीचं खारं पाणी बांध घालून बाहेर ठेवायचं आणि आत शेती करायची, त्या जमिनीला आम्ही खाजन म्हणतो. गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन आहे. चिखल, पेंढा आणि जांभा दगड वापरून आमच्या पूर्वजांनी ती पाण्यातून काढली. तर बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं, भात पिवळं पडलं आणि दोन महिन्यांत आमच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. डाळ शिजेना, चहाची चव गेली. मी तडक ग्रामसभेत उभी राहिले आणि म्हणाले, "पाणी विषारी झालंय, गावातल्या सगळ्या विहिरी गेल्या." समोरून एकाने शांतपणे विचारलं, "बाई, किती विहिरी? केव्हापासून? तपासलं कोणी?"

माझ्याकडे एकही उत्तर नव्हतं. आणि 'विषारी' हा शब्दच खोटा होता. पाण्यात मीठ वाढलं होतं, विष नव्हतं. त्या एका शब्दामुळे पुढची दोन वर्षं बांधाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणायचंच, "बाईंचं ते विषाचं पाणी." खरं दुखणं बाजूला राहिलं. तेव्हापासून ठरवलं की आधी वही, मग तोंड.

एकच जागा घ्या, चालत जाता येईल अशी

गोव्यात विषयांना तोटा नाही. म्हादई नदीचं पाणी आहे, खाणी आहेत, मोलेचं जंगल आहे, समुद्रकिनारे आहेत. म्हादईच्या पाणीवाटपासाठी २०१० मध्ये लवाद नेमला, त्याचा निवाडा २०१८ मध्ये आला आणि वाद अजून मिटलेला नाही. असे विषय वाचा, समजून घ्या, मोर्चा निघाला तर जरूर जा. पण तुमचं स्वतःचं काम म्हणून अशी जागा घ्या, जिथे सकाळचा चहा घेऊन तुम्ही पायी जाऊन परत येऊ शकता. घरामागची झरी असेल, देवळाची तळी असेल, देवाची राय असेल, ओहोळ असेल. रोज तिथे जाणाऱ्या माणसाला जे दिसतं ते महिन्यातून एकदा गाडीने येणाऱ्याला दिसत नाही, तो कितीही शिकलेला असो.

मी बांधाचा सुमारे अर्धा किलोमीटरचा तुकडा घेतला. एका टोकाला मानस आहे, दुसऱ्या टोकाला खारफुटीची रांग. मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार. तिथे कोणी बटण दाबत नाही की चाक फिरवत नाही. सुकतीला नदीचं पाणी उतरलं की आतल्या पाण्याच्या दाबाने दार बाहेर उघडतं आणि शेतातलं पाणी निघून जातं. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तेच दार आपोआप मिटतं. दिवसातून दोनदा, शेकडो वर्षं. मी त्या गावात सून म्हणून आले, चाळीस वर्षं त्या मानशीवरून गेले, आणि दार कसं चालतं हे पहिल्यांदा नीट पाहिलं ते एकसष्टाव्या वर्षी. तासभर तिथे बसले होते. पाणी चढत आलं, दाराच्या फळ्या कुरकुरल्या, फटीतून थोडं पाणी आत उडालं, मग फळ्या चौकटीला घट्ट बसल्या आणि आवाज बंद झाला. हे पाहिल्यावर मला कोणालाही खाजन समजावताना कागदावरची आकृती लागली नाही.

जागा ठरली की तिथल्या जुन्या माणसांकडे बसा. आमच्या सासूबाई बांधावरून चालताना कुर्ल्यांची बिळं बघत जायच्या. अंगठ्याएवढं बीळ दिसलं की मूठभर चिकण माती पेंढ्यात कालवून आत ठासायच्या आणि टाचेने दाबायच्या. मला ती म्हातारपणाची सवय वाटायची. आता कळतं की बांध फुटायची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते. बिळातून पाणी झिरपतं, झिरपताना माती नेतं, बीळ रुंदावतं, आणि अमावास्येच्या उधाणाला तिथूनच भगदाड पडतं. पूर्वी प्रत्येक घरातलं कोणीतरी बांधावरून रोज जायचं. आता शेती कमी झाली, येणं-जाणं थांबलं, आणि मूठभर मातीचं काम लाखांच्या निविदेवर गेलं.

एकट्याने उधाणाच्या वेळी बांधावर जाऊ नका. हातात काठी, पायात घट्ट चप्पल किंवा गमबूट हवेत. गुडघे दुखत असतील तर मानशीपर्यंतच जा. तेवढं पुरतं.

वही कशी ठेवायची

दोनशे पानी, शिवलेली वही घ्या. सुटे कागद हरवतात. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, जागा आणि तिथी. तिथी का? कारण भरती-ओहोटी चंद्रावर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. एका दिवशी पाणी बांधाच्या काठाला लागलं आणि दुसऱ्या दिवशी नाही, यावरून काहीच ठरत नाही. पण मागच्या अमावास्येला कुठवर होतं आणि या अमावास्येला कुठवर आहे, हे ताडून बघता येतं. आपल्या पिढीला पंचांग येतं. ते इथे फार उपयोगी पडतं.

पाऊस मोजायला सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा स्टीलचा डबा पुरतो. उघड्या जागी ठेवायचा, वर झाड नको, पागोळी नको. सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजायचं, लिहायचं, डबा उपडा करायचा. साडेआठच का, तर हवामान खातंही चोवीस तासांचा पाऊस साडेआठलाच धरतं, मग आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. आणि हा आकडा सांगताना नुसते 'शंभर मिलीमीटर' म्हणू नका. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या छपरावर शंभर मिलीमीटर पडला म्हणजे दहा हजार लिटर, एक मोठा टँकर भरेल एवढं. हे सांगितलं तेव्हा आमच्या महिला मंडळातल्या बायका आपापल्या पन्हाळीकडे बघायला लागल्या. नातीला मी डबा दाखवताना अण्णा मणींची (१९१८–२००१) गोष्ट सांगते. हवामान मोजायची उपकरणं आपल्या देशात बनावीत म्हणून त्या आयुष्यभर झटल्या. मोजमाप हे बाईचं काम नव्हे असं तिला पुढे कोणी सांगितलं तर तिच्याकडे उत्तर असेल.

खारटपणा मोजायला पाण्याच्या फिल्टरवाल्यांकडे असतं ते पेनासारखं टीडीएस मीटर घेतलं, पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं. यात एक गोष्ट मला फार उशिरा कळली. हे मीटर लिटरमागे ९९९० मिलीग्रॅमपर्यंतच दाखवतं आणि समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे पस्तीस हजार मिलीग्रॅम. उन्हाळ्यात नदीच्या पाण्यात मीटर घातलं की ते नुसतंच थकतं. तेव्हा एक वाटी नदीचं पाणी आणि त्याच वाटीने नऊ वाट्या साठवलेलं पावसाचं पाणी मिसळायचं, मोजायचं, आलेल्या आकड्याला दहाने गुणायचं. हे रासायनिक प्रयोगशाळेइतकं काटेकोर नाही, आणि मी तसं कधी म्हणतही नाही. पण साध्या भाताला लिटरमागे साधारण दोन ग्रॅमच्या वर मीठ गेलं की त्रास सुरू होतो. पाणी त्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढं या मीटरवर कळतं. आमचं कोरगुट भात खारं सोसतं म्हणूनच ते खाजनात टिकलं, पण त्यालाही मर्यादा आहे.

मीटर नसेल तरी वही थांबवू नका. विहिरीच्या कठड्यापासून पाणी किती हात खाली आहे, कुठला आंबा कधी मोहरला, मानशीत शेवटे आणि काळुंद्रं हे मासे मिळतात की नाही, हेही आकडेच आहेत.

वहीत दोन रकाने पाडा. डावीकडे 'पाहिलं', उजवीकडे 'वाटलं'. 'पाणी हिरवट, वास कुजक्या अंड्यासारखा' हे पाहिलं. 'कोणीतरी सांडपाणी सोडलं असेल' हे वाटलं. खारफुटीच्या चिखलाला तसा वास मुळातच असतो. तिथे हवा पोचत नाही, तिथले जीवाणू तो वायू सोडतात. हे मला माहीत नसताना उजव्या रकान्यात दोघांवर संशय लिहिला होता. बोलले नाही म्हणून बरं झालं. एक वर्ष अशी वही भरेपर्यंत भाषण करू नका, हा माझा आग्रह आहे. चारही ऋतू कागदावर आले की तुमच्या आवाजात आपोआप फरक पडतो.

सांगायचं कसं

इथे मात्र आपण आज्या इतरांपेक्षा दोन पावलं पुढे आहोत, कारण आपल्या स्वयंपाकघरात निम्मं विज्ञान रोज घडत असतं.

खारं पाणी शेतात शिरलं की भात का मरतं, हे मला शेतकरी बायकांनाच सांगायचं होतं. मुळांभोवती पाणीच पाणी, तरी रोप सुकतं, हे त्यांनी पाहिलेलं होतं पण कारण माहीत नव्हतं. मी चेपणीच्या तोरांची बरणी घेऊन गेले. मार्चमध्ये टणक, गोल कैऱ्या मिठाच्या पाण्यात दडपून ठेवतो. जूनमध्ये काढतो तेव्हा त्या सुरकुतलेल्या, चपट्या झालेल्या असतात. एक तोर काढून सगळ्यांच्या हातात फिरवलं. विचारलं, "ही पाण्यात बुडालेली होती ना? मग सुकली कशी?" थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "मिठान तिचें उदक ओडलें." मिठाने तिचं पाणी ओढून घेतलं. तेच! भाताच्या मुळाचंही पाणी बाहेरचं मीठ तसंच ओढतं. पुस्तकात याला परासरण म्हणतात. तो शब्द मी सगळ्यात शेवटी सांगितला आणि त्या बाईंना सांगितलं की हा शब्द ज्याला म्हणतात ते तुम्ही आत्ताच सांगितलंत.

शाळेतल्या मुलांसाठी तीन वाट्यांत ओल्या कापसावर मूग घालते. एकीला साधं पाणी, दुसरीला लिटरभर पाण्यात सपाट चहाचा चमचा मीठ घालून केलेलं, तिसरीला तीन चमचे मिठाचं. मुलांनी रोज पट्टीने मोड मोजायचे आणि फळ्यावर लिहायचे. चौथ्या दिवशी साध्या पाण्यातले मोड वाटीबाहेर आलेले असतात, दुसरीतले खुरटलेले, तिसरीत जेमतेम. मी काही समजावत नाही. मुलंच घरी जाऊन सांगतात, आणि बापाला मुलीने सांगितलेलं पटकन पोचतं.

खारफुटी दाखवायला बांधावर नेते. तिवराचं पान तोडून जिभेला लावायला सांगते. खारट लागतं, कारण हे झाड घेतलेलं जादा मीठ पानातून बाहेर टाकतं. उन्हात बघितलं तर बारीक कण चमकतात. शेजारचा कांदळ मात्र मीठ मुळांशीच बहुतांशी अडवतो. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि मशिंगाच्या सांगेसारखं हातभर लांब खाली लोंबतं, मग चिखलात पडून उभं राहतं. आई लेकराला अंगावरच थोडं मोठं करून मग खाली सोडते, असं मी म्हणते, आणि प्रत्येक वेळी एखादी मुलगी त्या झाडाला हात लावते. मग सांगायचं की हीच मुळं लाटांचा जोर मोडतात, म्हणून बांध टिकतो. खारफुटीच्या गाळात कुजणं फार सावकाश होतं, त्यामुळे हवेतला कार्बन तिथे पिढ्यान्पिढ्या गाडलेला राहतो, हेही मोठ्या मुलांना सांगते.

चवथीला माटोळी हे माझं आवडतं साधन आहे. गणपतीच्या डोक्यावर आपण आसोले नारळ, सुपारीचे कात्रे, आंबाडे, तोरिंजन, चिबूड, कवंडळं, घागऱ्या बांधतो. मी दरवर्षी लिहून ठेवते, कुठली वस्तू आमच्या भाटातली म्हणजे बागायतीतली, कुठली सड्यावरून म्हणजे जांभ्याच्या माळावरून आणलेली आणि कुठली म्हापशाच्या बाजारातून विकत घेतलेली. सुरुवातीच्या यादीत विकतच्या वस्तू चार होत्या, गेल्या चवथीला अकरा. हा एका घराचा हिशेब आहे, गोव्याचा नव्हे, हे मी प्रत्येक वेळी सांगते. पण ज्यांच्या घरी यादी वाचली त्या प्रत्येकाने आपल्या माटोळीकडे मान वर करून बघितलं. मग बोलणं पुढे जातं: सडा कापला की कवंडळाची वेल जाते, तशीच खालची झरीही आटते, कारण सड्यात मुरलेलं पाणीच खाली झरतं. जंगली वस्तू ओरबाडून आणू नका, एखादंच फळ बांधा, बी राखा, हेही तिथेच सांगून घेते.

धालो या बायकांच्या नाच-गाण्यांच्या मांडावर मात्र मी कधी भाषण केलं नाही. तिथली गाणीच माती, झाड आणि पाण्याची आहेत, मध्ये आपली भर नको. जागा ओळखायला हवी. हळदीकुंकवाला दहा मिनिटं, शाळेत अर्धा तास, भजनानंतर पाच मिनिटं, त्याहून जास्त नको.

शब्दांबद्दल एकच. 'परिसंस्था', 'शाश्वत', 'संवर्धन' हे शब्द मी बोलताना वापरत नाही. 'खाजन जगलं तर सुंगटं (कोळंबी) मिळतील' एवढ्यात ते सगळं येतं.

आपल्या बाजूने उभं राहायला कोणी हवं असेल तर कमला सोहोनी (१९११–१९९८) आठवा. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवणाऱ्या या शास्त्रज्ञ बाईंनी पुढे ग्राहक चळवळीत काम केलं, अन्नातली भेसळ कशी ओळखावी हे घरच्या बायकांना कळेल अशा भाषेत सांगितलं. इतकी मोठी शास्त्रज्ञ मसाल्याच्या डब्यापर्यंत आली. आपल्याला तर डब्यापासूनच निघायचंय.

कागद

ग्रामसभेत तोंडी बोललेलं हवेत जातं. आधी दोन-चार दिवस पंचायतीत लेखी अर्ज द्या, दोन प्रती करा, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. अर्जात जागेचा सर्वे नंबर हवाच. फॉर्म एक व चौदाचा उतारा काढला की तो मिळतो. अर्ज एका पानाचा, मागणी एकच. "मानशीच्या उत्तरेला वीस पावलांवर बांध खचला आहे, फोटो जोडला आहे, पावसाआधी दुरुस्ती व्हावी." नंतर इतिवृत्तात ठराव नेमका कसा लिहिला ते वाचायला जा. आमचा एक ठराव 'चर्चा झाली' एवढ्यावरच निपटवला होता. पुढच्या सभेत मी उभी राहून तो दुरुस्त करून घेतला.

माहिती हक्काचा अर्ज अवघड नाही. गोव्याने तर १९९७ मध्येच स्वतःचा माहिती हक्क कायदा केला होता. आता २००५ चा केंद्राचा कायदा चालतो. फी दहा रुपये, उत्तर तीस दिवसांत, नाही आलं तर पहिलं अपील. 'बांध का दुरुस्त केला नाही?' असं विचारू नका, 'का' ला उत्तर मिळत नाही. 'या बांधाच्या दुरुस्तीसंबंधीच्या फाइलची, अंदाजपत्रकाची आणि पाहणी अहवालाची प्रत द्यावी' असं मागा. कागद मागितला की कागद मिळतो.

तीन कायदे पाठ असू द्या. सखल जमीन परवानगीशिवाय भरायला गोव्याच्या नगर व ग्रामनियोजन कायद्याच्या (१९७४) कलम १७अ ने बंदी आहे. खारफुटी सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, सगळ्यात कडक गटात येते, आणि २०११ च्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांच्या रक्षणाची खास तरतूद होती. तक्रार पणजीला किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जाते. तिसरा २००२ चा जैवविविधता कायदा. त्याखाली प्रत्येक पंचायतीत समिती असते आणि तिने लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी या नोंदवह्यांचा फार आग्रह धरला. इथे आपली गरज खरोखर आहे. माशांची, भातांची, औषधी पाल्याची, झऱ्यांची जुनी नावं आपल्याच पिढीला माहीत आहेत. समितीत जाऊन बसा, सांगा आणि लिहिलेलं तपासा. आमच्या नोंदवहीत दोन वेगळे मासे एकाच नावाखाली होते, ते मासे विकणाऱ्या बाईने दुरुस्त केले.

मोलेच्या जंगलासाठी २०२० पासून जे काम झालं तेही बघण्यासारखं आहे. शास्त्रज्ञांनी अहवाल तपासले, विद्यार्थ्यांनी पत्रं लिहिली, चित्रकारांनी झाडं-प्राणी रंगवले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या जंगलातून जाणाऱ्या रेल्वेच्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द ठरवली. कागद आणि चित्र दोन्ही लागतात.

समोर ओळखीचा माणूस असतो तेव्हा

हे सगळ्यात कठीण आहे आणि याबद्दल कोणी सांगत नाही. शहरातल्या कार्यकर्त्याला समोरचा माणूस परका असतो. आपल्याला नसतो. तीन वर्षांपूर्वी खाजनाच्या कडेला टिपरने माती पडायला लागली. ती टाकणारा माझा विद्यार्थी होता. त्याला मी बाराखडी शिकवली होती, त्याच्या लग्नात जेवले होते.

मी आधी तक्रार केली नाही. संध्याकाळी त्याच्या घरी गेले, सोप्यावर बसले. त्याच्या आईने चहा दिला. वही उघडून दाखवली: माती पडायच्या आधी पावसाचं पाणी किती तासांत उतरायचं, आता किती तासांत उतरतं. म्हणाले, "हे पाणी आता तुझ्या काकाच्या परड्यात थांबतं." तो म्हणाला, "बाई, जमीन माझी आहे. पोराला दुकान काढून द्यायचंय. भातावर कोण जगतंय आता?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं आणि मी तसं त्याला म्हटलं. पण कलम १७अ पण सांगितलं, आणि हेही सांगितलं की पंधरा दिवसांत थांबलं नाही तर अर्ज माझ्या नावाने जाईल, निनावी नाही. तो काही बोलला नाही. टिपर थांबले, पण टाकलेली माती अजून तिथेच आहे. तिच्यासाठी अर्ज गेलाय. वाटेत भेटला की तो अजून थांबतो, पण पूर्वीसारखं बोलत नाही. मला याचं वाईट वाटतं, आणि तरी पुन्हा तसंच करीन.

म्हणून सांगते: 'कोणी केलं' यापेक्षा 'काय झालं' यावर बोला, निनावी काही करू नका, आणि तक्रारीआधी एकदा घरी जा. धमकी आली तर एकटं राहू नका. चार बायका बरोबर घ्या, पोलिसांना लेखी कळवा.

फोन आणि तज्ज्ञ

फोन नातवंडांकडून शिका, ती शिकवतातही आनंदाने. फोटोत मोजपट्टी किंवा पेन ठेवा म्हणजे आकार कळतो. तारीख आणि ठिकाण फोटोवर उमटेल अशी सोय करून घ्या. बांधावर वारा असतो, बोलताना फोनच्या माइकवर पदराचं टोक धरलं की आवाज स्वच्छ येतो. पक्ष्यांसाठी ईबर्ड, इतर प्राण्यांसाठी आणि झाडांसाठी आयनॅचरलिस्ट, झाडांच्या मोहोरासाठी सीझनवॉच ही अॅप आहेत. तिथे टाकलेली नोंद अभ्यासक वापरतात. आणि व्हॉट्सअॅपवर आलेलं काहीही, आपल्या बाजूचं असलं तरी, तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका. आपल्या बाजूचं असेल तर जास्तच तपासा.

गोवा या बाबतीत नशीबवान आहे. दोनापावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, जुन्या गोव्यात किनारी शेतीची केंद्रीय संशोधन संस्था आहे, ताळगावच्या पठारावर विद्यापीठ आहे. जाताना एकच प्रश्न घेऊन जा आणि वही घेऊन जा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा बाहेर बाकावर बराच वेळ बसवलं. पण वही उघडल्यावर तरुण संशोधक मुलीने खुर्ची पुढे ओढली, आणि दर महिन्याच्या नोंदी बघून म्हणाली की इतक्या नेमाने एकाच जागेच्या नोंदी त्यांनाही मिळत नाहीत. मातीचा नमुना कसा घ्यायचा ते तिनेच शिकवलं. शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागी वीतभर खोल खळगा करायचा, कडेची माती खरवडायची, सगळी मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, उरेल ते परत मिसळायचं, असं करत अर्धा किलो राहिली की सावलीत वाळवून विभागीय कृषी कार्यालयात द्यायची.

आपल्यामागे वही कोण लिहिणार, याचाही विचार पहिल्याच वर्षी करा. गेल्या श्रावणात माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बारा दिवस उन्हात जायला बंदी होती. त्या बारा दिवसांच्या नोंदी आठ वर्षांच्या नातीने केल्या. पाऊस साडेआठलाच मोजलेला आहे, एका दिवशी सोडून, त्या दिवशी 'शाळेचा रिक्षा लवकर आला, म्हणून आठ वाजता' असं लिहिलंय. तिथी आजोबांना विचारून घातली. आणि सहाव्या दिवशी, 'पाहिलं'च्या रकान्यात: 'मानशीजवळ बांधाला कुर्लीचं बीळ, माझं बोट पूर्ण आत गेलं, पाणी येत होतं. माती घातली.'